प्रश्न विचारणारा अधिकारी

अधिकार हाती येताच उपदेशाची ऊर्मी बळावते, आणि हाताखालचा मनुष्य अडखळताना दिसला की त्याला तयार उत्तर देऊन मोकळे होण्यातच नेतृत्वाची सार्थकता आहे, असा समज आपल्या कचेऱ्यांत व शाळांत इतका रूढ झाला आहे की, त्या उत्तराने त्याची विचारशक्ती किती खुंटली याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

टिमोथी गॉलवे या अमेरिकन टेनिस-शिक्षकाने ती केली. मनगट, खांदा, पाऊल यांविषयी सूचनांचा भडिमार झाला की शिष्याचे अंग आखडते, हे ध्यानी येताच त्याने एक साधी युक्ती योजिली: चेंडू जमिनीला लागताच ‘टप्पा’ आणि रॅकेटला भिडताच ‘फटका’, एवढेच शिष्याने उच्चारावे. चित्त चेंडूवर स्थिरावे, स्वतःला दटावणारा मनातला आवाज निमे आणि हात मोकळा चाले. हा अनुभव त्याने १९७४ साली ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात मांडला. पुढे जॉन व्हिटमोर या एकेकाळच्या मोटारशर्यतपटूने ती दृष्टी ब्रिटनमधील उद्योगसंस्थांत रुजविली. उत्तर न देता प्रश्न विचारून समोरच्यालाच विचार करावयास लावणारे, शिकवणी-वर्गांशी संबंध नसलेले हे ‘कोचिंग’ आपल्या अंमलदारांनी आत्मसात करावे, असे मला कळकळीने वाटते.

अहवाल रखडला असता ‘उशीर का झाला?’ असे दरडावले की कारकून सबबी शोधू लागतो. ‘काम नेमके कोठे अडले, आणि आता कोणते मार्ग दिसतात?’ असे विचारले की दोन तालुक्यांचे आकडे आलेले नाहीत, तोवर उरलेला तक्ता पुरा करता येईल, हे तोच सांगतो. तथापि खरी कसोटी प्रश्नानंतरच्या त्या चार क्षणांच्या स्तब्धतेत लागते. साहेबांच्या ओठांवर उत्तर आलेले असते, हात शेरा मारण्यासाठी लेखणीकडे वळलेला असतो. ही घाई कामासाठी की स्वतःचा दर्जा दाखविण्यासाठी, हे त्या क्षणी ज्याला स्वतःशी प्रामाणिकपणे विचारता येत नाही, त्याचे गोड प्रश्न म्हणजे वेषांतर केलेले हुकूमच होत, आणि हाताखालची माणसे ते तत्काळ ओळखतात.

पुराचे पाणी गावात शिरले असता हुकूमच हवा, यात वाद नाही. परंतु असे प्रसंग विरळा. म्हणून बढतीच्या वेळी कार्यमूल्यमापन अहवाल पाहताना, या अधिकाऱ्याच्या हाताखाली किती जण स्वतः निर्णय घेऊ लागले, हेही सरकारने अवश्य तपासावे.