नाव कुणी ठेवायचे?

अमेरिकेतील विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे घेणाऱ्या विद्यार्थी संघटना असतात. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची सोरॉरिटी. गोऱ्यांच्या अनेक संघटनांनी एकेकाळी वर्णाची अट घालून इतरांना दारातच रोखले. लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थ्यांनी मग स्वतःची घरे बांधली. १९३१ साली न्यूयॉर्क राज्यात फाय आयोटा अल्फा. १९७५ साली न्यू जर्सीच्या कीन कॉलेजात मुलांची लॅम्ब्डा थीटा फाय आणि मुलींची लॅम्ब्डा थीटा अल्फा.

यांच्यावर प्रबंध लिहिणाऱ्याने यांना म्हणायचे काय? 'हिस्पॅनिक' हा शब्द सरकारने १९८० च्या जनगणनेतून रूढ केला. तो स्पेनशी नाते सांगतो. पोर्तुगीज बोलणारा ब्राझील त्यात बसत नाही. 'लॅटिनो' जनगणनेत २००० साली आला, पण तो पुल्लिंगी. सर्वांना तोच लावला की मुलींचा इतिहास झाकला जातो. 'लॅटिनएक्स' लिंगभेद टाळतो. मात्र प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ च्या अहवालानुसार तो स्वतःसाठी वापरणारे प्रौढ केवळ ४ टक्के आहेत.

आमचे मत स्पष्ट आहे. संघटनेने स्वतः घेतलेले नाव जसेच्या तसे लिहावे. लॅम्ब्डा थीटा अल्फा स्वतःला 'लॅटिन सोरॉरिटी' म्हणवते, तर तेच. सर्वांविषयी एकत्र लिहिताना 'लॅटिनो आणि लॅटिना' म्हणावे. कुणी स्वतःला लॅटिनएक्स म्हणत असेल, तर त्याचाही मान राखावा. पण १९७५ च्या मुलींवर तो शब्द मागाहून लादू नये. आणि शब्द का निवडला, हे पहिल्याच पानावर सांगावे.

ज्यांनी संघटना उभारली, नावाचा अधिकार त्यांचाच. विद्वानाने तो परस्पर आपल्याकडे घेऊ नये.