सव्वादोन किलोचा जाब कोणाला?

मागच्या ऑक्टोबरात आमच्या घरी धाकट्या जावेला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरले होते, पण वजन फक्त सव्वादोन किलो. बघायला आलेल्या बायकांचा पहिला प्रश्न एकच होता, "काही खात-पीत नव्हती का ही?" जाऊ मान खाली घालून ऐकत राहिली. आम्ही गप्प बसलो.

खरे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. सातवा महिना लागला तरी ती चिखलात वाकून धानाची रोवणी करत होती. घरातले सगळे जेवल्यावर उरेल ते जेवत होती. "जास्त खाल्लेस तर बाळ मोठे होईल, बाळंतपण जड जाईल," हे तर तिला आम्हीच सांगितले होते. सांगणाऱ्यांत मीही होते.

जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी भरलेले बाळ जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार कमी वजनाचे ठरते. अशा बाळाला जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे सुमारे साडेतीन किलो. आपली बाळे स्नायूंनी कमी होती, चरबी मात्र तुलनेने टिकून होती. पुढे मधुमेहाला वाव देणारी ही ठेवण आहे. ज्या माता पालेभाज्या, फळे, दूध वारंवार खात, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. ज्यांच्यावर शेताचे आणि घरचे कष्ट जास्त, त्यांची लहान. म्हणजे केवळ भाताने पोट भरून भागत नाही, आणि खाण्याइतकीच विश्रांतीही मोजावी लागते.

गोंदियात पालेभाजीला तोटा नाही. तरोटा, अंबाडी, शेवग्याचा पाला पावसाळ्यात दारात असतो, तलावात मासळी असते. प्रश्न तिच्या ताटात काय आणि कधी पडते हा आहे.

गरोदर बाईला आपल्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी वाटली, तर रमजानचा रोजा पुढे ढकलण्याची सवलत दीनने दिली आहे. मग रोवणीत आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात तिला सवलत कोणी द्यायची? घरानेच ना?

पण मजुरी बुडाली तर चूल कशी पेटणार, हेही खरे आहे. म्हणूनच २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गर्भवतीला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ हा हक्क दिला. मातृ वंदना योजनेत मात्र पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच पैसे. दुसरा मुलगा पोटात असताना आईला भूक लागत नाही का? हे आपण ग्रामसभेत विचारले पाहिजे.

तोवर आपल्या हातातले करू या. मोहल्ल्यातील प्रत्येक गर्भवतीचे नाव अंगणवाडीत नोंदवा. पहिले ताट तिला वाढा. शेवटच्या महिन्यांत तिला बांधीत उतरवू नका. आणि बाळ लहान झाले, तर जाब बाळंतिणीला विचारू नका. तो आमच्यासारख्या घराला विचारा.