काष्टा घालताना कॉम्प्युटरला फुटतो घाम!

मोबाइलवर ‘ट्राय ऑन’ दाबलंत की कुर्ता तुमच्या अंगावर. काय दिसतोय! मग पार्सल येतं, आणि हाच कुर्ता खांद्यात ओढला जातो. असं का? कारण बऱ्याचदा त्या स्क्रीनवर कापड नसतंच, नुसतं चित्र असतं. गुगलने 2023 मध्ये अमेरिकेत आणलेलं ट्राय-ऑन एआयने रंगवलेलं चित्रच दाखवायचं. चुणी कुठे पडेल याचा झकास अंदाज, पण काखेत काचेल का, ते विचारू नका.

खरं सिम्युलेशन म्हणजे वेगळंच प्रकरण. कापडाची बारीक त्रिकोणांची जाळी करायची, प्रत्येक बिंदूला वजन द्यायचं, बिंदूंमध्ये जणू स्प्रिंगा लावायच्या आणि मग गुरुत्वाकर्षण सोडायचं त्यावर. गोची अशी की कापड ताणायला कडक आणि दुमडायला एकदम मऊ. हिशोबाची पावलं जरा मोठी टाकली की स्क्रीनवरचा शर्ट फुटून उडायचा! 1998 मध्ये डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी मोठी पावलं टाकूनही हिशोब न कोसळण्याची रीत दाखवली. 2001 च्या ‘मॉन्स्टर्स, इन्क.’मधल्या चिमुरड्या बूचा टी-शर्ट आठवतोय? तोही कॉम्प्युटरने असाच हिशोब करून हलवलेला. आता डिझायनर मंडळी ‘क्लो’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे बेततात, स्क्रीनवरच शिवतात आणि पुतळ्याला घालून बघतात. सॅम्पल कमी शिवावी लागतात, कापड वाचतं. छानच की.

पण हे सगळं शिवणीपासून सुरू होतं. आता कसाऱ्याची लोकल पकडा, आसनगावला उतरा आणि शहापूरवरून डोळखांबच्या बाजूला जा. भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या एखाद्या आजीचं लुगडं बघा. गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, काष्टा मागे घट्ट खोचलेला. शिवण नाही, हुक नाही, सेफ्टी पिनही नाही. नऊ वार, म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, आणि ते धरून ठेवतात एक गाठ, थोडा ताण आणि घड्यांचं एकमेकींवरचं घर्षण. दिवसभर वाक-ऊठ करूनही सुटत नाही!

इथे कॉम्प्युटरला घाम फुटतो. थरावर थर, प्रत्येक थर दुसऱ्याला घासणार, एकानेही दुसऱ्याच्या आरपार जायचं नाही. शिवाय आकार कापडात नसतोच, तो नेसणारीच्या हातात असतो. आधी काय खोचलं, मग काय ओढलं, सगळा क्रम सांगावा लागतो. म्हणून सोपा रस्ता काय, तर निऱ्या आधीच घालून तुकडे जोडायचे. म्हणजे दादरला मिळते ती शिवलेली नऊवारीच की!

आणि अंगाचं काय? भारतीय मापांसाठी निफ्टने ‘इंडियासाइझ’ प्रकल्प आखला, 25,000 माणसं थ्रीडी स्कॅनरने मोजायची. शहरं सहा, त्यात मुंबई आहे. पण स्कॅनरमध्ये माणूस ताठ उभा राहतो. शेतात वाकलेल्या कंबरेचं माप त्यात कुठून येणार?

शांताल बुलांजे या फ्रेंच अभ्यासक बाईंनी 1997 च्या पुस्तकात साडी नेसण्याच्या शंभरावर पद्धती चित्रांसकट नोंदवल्या. 2017 च्या ‘द सारी सीरीज’मध्ये ऐंशीहून जास्त पद्धतींचे छोटे व्हिडिओ आले. सॉफ्टवेअरला शिकवायचं तर असंच काहीतरी लागणार, आणि ते लवकर लागणार. कारण लुगडं रोज नेसणाऱ्या आज्या आता गावातही मोजक्याच, नातींच्या अंगात कुर्ती नाहीतर गाऊन.

तुमच्या घरी अशी आजी असेल तर या सुट्टीत तिला कॅमेऱ्यासमोर नेसायला लावा. मोबाइल आडवा धरा, गाठ मारताना हातांवर फोकस ठेवा. आणि काष्टा खोचताना मागच्या बाजूनेही शूट करा, खरी गंमत तिथेच आहे.