सही कोणाची, गुडघा कोणाचा?

आईच्या गुडघ्याची सगळी ‘तयारी’ झाली होती : रक्त, ईसीजी, साखर, दातसुद्धा. आदल्या रात्री संमतिपत्र आलं. इंग्रजीत, आणि माझ्यापुढे. आई शेजारीच चष्मा लावून बसलेली!

समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की तातडी नसेल तर सज्ञान मुलीसाठी आईचीही संमती चालत नाही. मग आईसाठी मुलाची कशी चालते?

जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही, हे तिला ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टनं सांगितलं. ‘‘मग देवापुढे उभ्यानंच?’’ तिनं विचारलं. आधी कळतं तर कदाचित तिनं दुखणंच पत्करलं असतं, कदाचित नसतंही. तिला कुणी विचारलंच नाही. डॉक्टरांनी नाही, आणि पेन हातात असताना मीही नाही.