दह्याच्या कपावरचं हसरं अस्वल

मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली
यांस,



माझा नातू आठ महिन्यांचा आहे. उष्टावण झालं, मऊ वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं तो आवडीनं खातो. आईचं दूध चालूच आहे. मागच्या आठवड्यात त्याला दही द्यायचं ठरलं. सुनेची नोकरी, रोज विरजण लावणं जमतंच असं नाही, म्हणून तिनं येताना दुकानातून एक छोटा कप आणला. त्यावर हसरं अस्वल, लालभडक स्ट्रॉबेरी आणि मोठ्या अक्षरांत कॅल्शियम. लहान मुलांसाठीच असणार, असं तिला वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

मी चष्मा लावून मागचा तक्ता वाचायला बसले. अक्षरं एवढी बारीक की शेवटी मोबाइलवर फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. १०० ग्रॅममध्ये एकूण साखर १३ ग्रॅम, त्यातली वरून घातलेली ८ ग्रॅम. म्हणजे दोन चमचे साखर. साध्या दह्यातही चार-पाच ग्रॅम साखर असते, पण ती दुधाची स्वतःची. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती वरच्या दोन चमच्यांबद्दल, कारण पहिली दोन वर्षं मुलांना साखर घालून काही देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडून सांगत आहेत. गोडाची आवड बाळ घेऊनच जन्माला येतं. आंबटाची ओळख मात्र करून द्यावी लागते, तीही पुन्हा पुन्हा. पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं म्हणून कोणी दही सोडून देत नाही; चार दिवसांनी तेच बाळ चमच्याकडे झेपावतं. दह्याची पहिली ओळखच स्ट्रॉबेरीच्या पाकातून झाली, तर ते साधं दही कशाला तोंडात घेईल?

खरं तर बाळासाठी दही निवडणं अवघड नाही. दूध आणि विरजण, एवढंच हवं. दूध सायीसकट, कारण या वयात स्निग्धांश लागतो. मोठ्यांसाठीचं 'लो फॅट' दही बाळाच्या कामाचं नाही. ताजं असावं, फार आंबलेलं नसावं. सहा महिन्यांनंतर आधी चमचा-दोन चमचे द्यावं, आणि अंगावर पुरळ, उलटी, जुलाब असं काही दिसलं तर थांबून डॉक्टरांना दाखवावं. दह्यात लोह जवळजवळ नसतंच, म्हणून ते वरणाच्या किंवा नाचणीच्या जागी नव्हे, त्यांच्या जोडीला. आणि गोडी आणायला मध घालायचा मोह वर्षाच्या आत मुळीच नको, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. गोडी हवीच तर पिकलं केळं किंवा चिकू कुस्करून घाला. विकतच्या दह्यात जिवंत विरजण उरलंय का, हे पाहायची आमची जुनी रीत सोपी आहे: कोमट दुधात त्याचा चमचाभर घालून झाकून ठेवायचं. सकाळी दही लागलं तर विरजण जिवंत. काही प्रकार आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेले असतात, त्यांचं दही लागत नाही.

हे सगळं मला आईनं शिकवलं. पण माझ्या सुनेनं दुकानाच्या फ्रिजसमोर उभं राहून, कडेवर बाळ घेऊन, हे कुठून वाचायचं? तिथे तिला सांगणारं एकच काही असतं, ते म्हणजे कपाचं तोंड. आणि तिथे अस्वल आहे.

आपण काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. वरून घातलेल्या साखरेचा आकडा वेगळा छापायला २०२० च्या नियमांनी भाग पाडलं, म्हणून तर मला तो सापडला. पण तो मागे आहे, बारीक आहे, आणि इंग्रजी किंवा हिंदीत असला की नियम पाळला जातो. मराठीची सक्ती नाही. शिशुआहाराच्या डब्यांवर बाळाचं चित्र छापायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. मात्र हा कप 'शिशुआहार' म्हणून विकलाच जात नाही. त्यामुळे तो त्या कायद्यातून सुटतो आणि घरी येऊन बाळाच्याच तोंडी लागतो.

ठरवलं तर आपण करू शकता, हे आम्ही पाहिलं आहे. मार्च २०२३ मध्ये दह्याच्या पाकिटावरच्या नावावरून तमिळनाडूत नाराजी उमटली, तेव्हा प्रादेशिक नाव कंसात छापायला आपण काही दिवसांतच मोकळीक दिलीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोड पेयांच्या नावातून 'ओआरएस' हा शब्द काढायला लावलात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी कित्येक वर्षं झगडत होत्या. जुलाबानं कोमेजलेल्या लेकराला औषध समजून साखरेचं पाणी पाजलं जात होतं, ते त्या एका आदेशानं चुकीचं ठरलं. या कपाची गोष्ट तीच आहे. साखरेनं पोषणाचा वेष घेतला आहे.

म्हणून मागते ते एवढंच. ज्या दह्यात वरून साखर घातली आहे, त्याच्या पुढच्या बाजूला, नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, विक्री होते त्या राज्याच्या भाषेत लिहायला लावा: 'साखर घातलेले. दोन वर्षांखालील मुलांसाठी नाही.' आणि अशा कपावर मुलांना भुलवणारी चित्रं छापायला बंदी घाला. गोड दही विकू नका, असं माझं म्हणणं नाही. मोठ्यांनी ते जाणून विकत घ्यावं.

तो कप आम्ही बाळाला दिला नाही. नातवाला सध्या घरचं दही मिळतं, कारण विरजण लावायला मी घरात आहे. ज्या घरात आजी नाही, तिथल्या आईसाठी हे पत्र आहे. तिच्यासाठी तरी लवकर करा.

आपली,
नाशिकची एक आजी