पाकिटावर १७५३ आहे, शेतकरी कुठे आहे?

नेदरलँड्समध्ये डाऊवे एग्बर्ट्सची कॉफी घराघरात पोचलेली आहे. कंपनी आपला जन्म १७५३ चा सांगते. त्या वर्षी फ्रिसलँडमधल्या याउरे गावात एग्बर्ट डाऊवेस आणि त्याची बायको आके थाइसेस यांनी किराणा दुकान काढले. पुढे मुलगा डाऊवे धंद्यात आला आणि त्याचेच नाव पाकिटावर चढले. हा वारसा कंपनी अभिमानाने मिरवते. असा वारसा दिसला की आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो: यातून वगळले कोणाला?

आईचे नाव ब्रँडमध्ये नाही, हे तर दिसतेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की फ्रिसलँडमध्ये कॉफीचे झाडच उगवत नाही. एकोणिसाव्या शतकात डच बाजारातली कॉफी मोठ्या प्रमाणावर जावा बेटावरून येत होती. १८३० पासून गव्हर्नर जनरल व्हान डेन बॉशने तिथे सक्तीची लागवड सुरू केली. कागदावर नियम होता, गावाने पाचवा हिस्सा जमीन निर्यातीच्या पिकाला द्यायची. प्रत्यक्षात शेतकऱ्याला कॉफीच्या मळ्यांत राबवले गेले. भाव सरकारने ठरवला आणि गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर देशी सरदारांनीही मालावर टक्केवारी खाल्ली. १८४९-५० मध्ये डेमाक आणि ग्रोबोगान भागांत माणसे भुकेने मेली. १८३१ ते १८७७ या काळात डच तिजोरीत जावातून ८० कोटी गिल्डरहून जास्त रक्कम गेली.

कोणी म्हणेल, याउरेच्या दुकानदाराने चाबूक कुठे उगारला? तो तर माल विकत घेत होता, भाजत होता, विकत होता. खरे आहे. शोषणाची व्यवस्था अशीच टिकते. चाबूक एकाच्या हातात, तराजू दुसऱ्याच्या, कप तिसऱ्याच्या. प्रत्येक जण म्हणतो, माझे हात स्वच्छ आहेत. मित्रांनो, ही रचना आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज आहे का?

१९२४ पासून कंपनीने पाकिटावर पॉइंट द्यायला सुरुवात केली. पॉइंट कापून जमवा, कपबशी घेऊन जा. डच कुटुंबांच्या पिढ्या त्यात रमल्या. ग्राहकाच्या निष्ठेला बक्षीस मिळाले. पिकवणाऱ्याच्या घामाला काय मिळाले?

याचे उत्तर २००७ मध्ये कोर्टात दिसले. जावातला जुलूम मांडणारी 'माक्स हावेलार' ही कादंबरी मुल्तातुलीने १८६० मध्ये प्रसिद्ध केली होती. तिच्याच नावाने १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये न्याय्य व्यापाराचा शिक्का सुरू झाला. उत्पादकाला हमीभाव आणि त्याच्या सहकारी संस्थेला विकासासाठी जादा रक्कम, ही त्यामागची अट. ग्रोनिंगेन प्रांताने आपल्या कार्यालयांच्या कॉफीसाठी अशाच अटी घातल्या, तेव्हा डाऊवे एग्बर्ट्सने त्या प्रांतालाच कोर्टात खेचले. या अटी भेदभाव करणाऱ्या आहेत, असे तिचे म्हणणे होते. हमीभाव मागणे म्हणजे भेदभाव! कंपनी हरली.

२०१३ मध्ये ही कंपनी जर्मनीच्या रायमान घराण्याच्या गुंतवणूक कंपनीने घेतली. नाझी काळात आपल्या कारखान्यात सक्तीचे मजूर राबवले गेले आणि त्या वेळचे मालक बाप-लेक हिटलरचे समर्थक होते, हे या घराण्याने २०१९ मध्ये मान्य केले. एक कोटी युरो देण्याचेही जाहीर केले. म्हणजे इतिहासाचा हिशेब मागता येतो आणि श्रीमंतातल्या श्रीमंतालाही तोंड उघडावे लागते. मग जावाच्या कॉफीचा हिशेब पाकिटावरच्या वारशात का नको?

म्हणून आमचे सांगणे आहे, कंपनीचे वय पाहून भारावू नका. 'नैतिक', 'शाश्वत' असे शब्द छापणारी कोणतीही कंपनी असो, तिला दोन प्रश्न विचारा. पिकवणाऱ्याला भाव किती मिळतो? आणि तो भाव ठरवताना पिकवणारा तिथे बसलेला असतो का? तो तिथे नसेल, तर छापलेल्या शब्दांना आपण फसायचे नाही.