‘बिनऔषधी’ म्हणजे बिनधोक नव्हे!

“डॉक्टर, केमो नको. मोबाईलवर बघितलं, करंट देऊन छातीतली गाठ मारतात. औषधच लागत नाही म्हणे!” ओपीडीत असं कुणी म्हणालं की मला त्या ताईंचा राग येत नाही. केमोची भीती खरी आहे. केस जातात, उलट्या होतात, नांदेड-लातूरहून बार्शी, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईच्या खेपा पडतात. राग येतो तो या भीतीवर ‘बिनऔषधी’ हा शब्द विकणाऱ्यांचा.

यामागचं विज्ञान खोटं नाही. विजेचे अगदी क्षणिक, पण जोरदार झटके दिले की पेशीच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रं पडतात. झटके सौम्य असतील तर छिद्रं पुन्हा बुजतात; तेवढ्या वेळात ब्लिओमायसिनसारखं औषध आत शिरतं. कातडीवर पसरलेल्या गाठींसाठी युरोपात ही पद्धत वापरतात, पण ती औषधासकटच! झटके तीव्र असतील तर छिद्रं बुजत नाहीत आणि पेशी औषधाविनाच मरते. स्तनाच्या कॅन्सरसाठी हा दुसरा प्रकार अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. शिवाय त्यालाही भूल लागतेच.

आता मुद्द्याचं. बिनऔषधी यात नवल ते काय? ऑपरेशनही बिनऔषधीच गाठ काढतं, शेकही बिनऔषधीच देतात. करंट फक्त सुयांच्या मधल्या भागात काम करतो. पण गाठीतून निसटून रक्तात किंवा हाडात गेलेल्या पेशींचं काय? केमो आणि हार्मोनच्या गोळ्या असतात त्या मुख्यतः या निसटलेल्या पेशींसाठी. त्यांना सोडून नुसती गाठ मारणं म्हणजे चोर पळाल्यावर घराला कुलूप लावणं.

आणि औषध म्हणजे विष, हेही डोक्यातून काढा. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीभोवती भुलीचं साधं, स्वस्त इंजेक्शन दिलं, तेव्हा पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६ वरून ९० टक्क्यांवर गेलं. पुरावा असा असतो: अर्ध्या जणींना दिलं, अर्ध्यांना नाही, आणि वर्षानुवर्षं मोजलं. करंटवाल्यांकडे असा आकडा मागा.

प्रत्येकीला केमो लागतेच असंही नाही. ते गाठीच्या तपासणीवर ठरतं. म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट घ्या, त्यात ईआर, पीआर आणि हर-टू काय आलंय ते विचारा. “मला केमोचा फायदा किती?” हेही डॉक्टरांना बेधडक विचारा. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.

नव्या उपचाराचा अभ्यास रीतसर चालू असेल तर जरूर भाग घ्या. अशा अभ्यासात लेखी संमती घेतात. पण कुणी पैसे घेऊन “ऑपरेशन थांबवा, करंट घ्या” म्हणत असेल, तर तिथून उठा. गाठ थांबत नाही, तुम्हीही थांबू नका.